बाटलीत उरलेला एक डोस

मित्रांनो, मी लस नेण्याचा एक जुना निळा डबा आहे. पोटात कडेने बर्फ आणि मधोमध बाटल्या. बारा वर्षे सिस्टरांच्या खांद्याला लटकून मी किती जिने चढलो, त्याची गणती नाही. पण एकही बाटली कोमट होऊ दिली नाही. गर्व करू नये म्हणतात. मी करतो.

तरी माझा सर्वांत मोठा अभिमान एका फेकून दिलेल्या डोसचा आहे.

गोवराच्या लशीची पूड एकदा पाण्यात कालवली की ती चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. त्या दिवशी एकच डोस उरला होता आणि हाताशी वीस मिनिटे. तेवढ्यात एक आई बाळाला घेऊन आली. सोबत सासूबाई.

"टोचा लवकर," सासूबाई बाळाची बाही सरकवत म्हणाल्या.

आईने तो दंड हाताने झाकला. "थोरलीला लशीनंतर ताप डोक्यात गेला होता. झटका आला. आधी कुणी बोललंच नव्हतं."

"हिचं आपलं भलतंच. मी देते सही."

"आजी, आई ही आहे. तिला ठरवू द्या," सिस्टर म्हणाल्या.

'काही होत नाही हो' एवढे म्हटले असते, तरी काम झाले असते. सिस्टरांनी स्टूल ओढले. लशीने ताप कधी येतो, क्वचित झटका आला तर काय करायचे आणि गोवर झालाच तर बाळाचे काय हाल होतात, सगळे सांगितले.

"थोरलीचे कागद डॉक्टरांना दाखवून येऊ?" आईने विचारले.

"जरूर. फक्त फार लांबवू नका, गोवर कुणासाठी थांबत नाही."

वेळ संपली. सिस्टरांनी बाटली टाकून दिली. माझ्या जिवाचे पाणी झाले.

"गेलं ना फुकट," सासूबाई म्हणाल्या.

"औषध पुन्हा येईल, आजी. विश्वास उडाला तर तो कुठल्या डब्यातून आणू?"

पुढच्या आठवड्यात ती आई रांगेत पहिली होती. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले होते, तरी कागदावर पाच प्रश्न लिहून आणलेले. चारांची उत्तरे मिळाली. पाचव्याला सिस्टर म्हणाल्या, "हे मला माहीत नाही," आणि त्यांनी तिथेच डॉक्टरांना फोन लावला. मग आईने स्वतः बाही वर केली.

आठव्या दिवशी बाळाला ताप आला. ती घाबरली, पण गांगरली नाही. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच झालं. उतरला." बरोबर शेजारीण होती, आपल्या बाळाला टोचून घ्यायला कडेवर घेऊन आलेली.

आता माझे झाकण नीट बसत नाही. मी कपाटावर असतो. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती सुई आली, तर समोरच्याचे उत्तर येईपर्यंत थांबा. तोवर गारवा धरून ठेवायला माझी भावंडे आहेत.