हळद लागलेली कुपी

मी एक जुना फ्लुओरोमीटर आहे, म्हणजे चमक मोजणारं यंत्र. साकोलीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं ठाण आहे. मित्रांनो, मी आलो तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे माझ्या डोक्यावर वासुदेवराव सरांचं हेल्मेट आणि भाजीची पिशवी! अकलेचे कांदे सगळे.

काम घेतलं ते एकट्या रीताने. ती तिथे सरांच्या हाताखाली पीएचडी करते. चरबीचे अगदी बारीक बुडबुडे बनवायची, त्यांच्या पोटात हिरवा चमकणारा रंग भरायची आणि बाहेर मँगनीजचं पाणी सोडायची. मँगनीज बुडबुड्याच्या पडद्यातून आत शिरलं की रंगाची चमक विझत जाते. किती झपाट्याने विझली, ते मी सांगतो. धातूला पडद्यापार नेणारं एक रसायन तिने वर्षभर खपून तयार केलं होतं. तिची सारी पीएचडी त्याच्यावरच उभी होती.

आला दसरा. सरांनी माझी पूजा मांडली. मला हळदकुंकू लावलं ते लावलं, पण नमुना ठेवायची काचेची कुपी असते ना, तिच्यावरही हळदीचं बोट ओढलं! हळद स्वतःच चमकते, हे रसायनाच्या प्राध्यापकाला कोणी सांगावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी रीताने कुपी पाण्याने खंगाळली आणि प्रयोग लावला. चमक जेमतेम हलली.

"रीता, तुझं रसायन फुकट आहे," सर म्हणाले. "कायले वेळ घालवून राहिली? विषय बदल."

पोरीचा चेहरा पडला. माझा नुसता संताप झाला, पण मला तोंड कुठे आहे! तिने कुपीत साधं पाणी भरून मोजलं. मी चमक दाखवली.

"सर, नुसत्या पाण्यात चमक कुठून येऊन राहिली?"

"मशीन म्हातारी झाली आता."

मी म्हातारा! रीताने कुपी खिडकीशी धरली. काचेवर पिवळट डाग होता. तिने स्पिरिटने तो घासून काढला आणि सगळं नव्याने लावलं. चमक उतरत उतरत तळाला गेली. रसायन न घातलेल्या बुडबुड्यांत मात्र ती जागची हलली नाही. रीता रडत रडत हसली.

सर धावत आले. "पाहा! पूजेचं फळ भेटतेच!" असं म्हणत त्यांनी कुपीला हात घातला.

"सर, आधी हात धुऊन या," रीता म्हणाली.

आणि गेले हो मुकाट्याने! मित्रांनो, हे सर माझ्यापुढे हात जोडताना दर दसऱ्याला पाहिले. हात धुऊन आलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तुम्ही याल तेव्हा तसेच या.