न सुटलेला पट्टा

मी डाव्या रिकिबीचा पट्टा बोलतोय. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवायची लोखंडी कडी. तिला खोगिराशी जोडून ठेवतो, तो मी. सगळे स्वार डावीकडूनच चढतात, त्यामुळे साऱ्यांचं ओझं आधी माझ्यावर. उजवा भाऊ नुसता लोंबकळतो आणि कौतुक मात्र दोघांचं सारखंच होतं!

मला घडवलं नरसिंगरावांनी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या खोगिरं शिवतात, बंगळूरच्या जुन्या पेठेत. त्यांनी मला तेल पाजलं, दुहेरी टाका घातला आणि खोगिराखालच्या दांडीत अडकवलं. दांडीच्या टोकाला छोटा खटका असतो. तो बंद केला की मी जागचा हलत नाही. उघडा ठेवला की मागे हिसका बसताच मी निसटून खाली पडतो.

"हा उघडाच ठेवायचा बघा, अक्का," खोगीर न्यायला आलेल्या हेमावतीअक्कांना ते म्हणाले. "स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला, तर पट्टा सुटायलाच पाहिजे."

म्हणजे धरून ठेवणं माझं काम आणि वेळेला सोडून देणं हेही माझंच.

हेमावतीअक्का बंगळूरबाहेर, आनेकलजवळ घोडेस्वारी शिकवतात. रोज सकाळी त्या प्रत्येक खोगिराखाली बोट घालून खटका तपासायच्या. घोड्यांची देखभाल देवाप्पाकडे. दर रविवारी इंदिरानगरहून नयना यायची, तेरा वर्षांची. अंगाने हलकी, तोंडाने अखंड चालू. चढताना मला चक्क "सॉरी हं" म्हणायची. मला ती फार आवडायची.

तिला पाय मागे सरकवायची खोड होती. एका रविवारी तसाच पाय सरकला, मी सुटलो आणि ती वाळूत पडली. कोपर खरचटलं. नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेले तिचे वडील, अभिराज, धावतच आले.

"पट्टा असा निघतोच कसा? ही कसली सेफ्टी?"

"सर, स्वल्प ऐका, थोडं ऐका," अक्का म्हणाल्या. "तो सुटला म्हणून वाळूवर निभावलं. नाहीतर घोड्यामागं फरफटली असती."

"ते मला नका सांगू. पुन्हा सुटला तर तिचं रायडिंग बंद."

नयनाचा चेहरा एवढासा झाला. देवाप्पाने तो पाहिला.

दोन दिवसांनी आयुधपूजा आली. रिक्षाला, यंत्राला, तशी खोगिरालाही पूजा. देवाप्पाने मला पुसून कुंकू लावलं. मग खटका लोटून बंद केला आणि त्यावर हळदीचा दोरा घट्ट गुंडाळला. "इन्नु बीळल्ल, नयनम्मा," तो पुटपुटला. आता नाही पडायची. मी कोणाला सांगणार!

रविवारी अक्कांचं बोट नेहमीसारखं खोगिराखाली आलं, दोऱ्याला लागलं आणि थांबलं. पूजेचा दोरा आपणहून गळेपर्यंत कोणी काढत नाही. त्यांनी ते बोट कपाळाला लावलं आणि त्या पुढच्या घोड्याकडे गेल्या.

थोड्या वेळाने शेजारच्या बांधकामावर पत्रे कोसळले. घोडा उधळला. नयना पडली, पण पाय रिकिबीतच राहिला. मी सुटण्यासाठी सगळा जीव लावला. खटका हलला नाही. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत ती बाबांना हाका मारत होती. देवाप्पाने घोडा अडवून मला विळ्याने कापलं, तेव्हा ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

आता मी दोन तुकड्यांत, खोगिरासकट, नरसिंगरावांच्या दुकानात पडून आहे. परवा अभिराज आले.

"खरं सांगा," ते म्हणाले. "खटका उघडा असता, तर माझी नयना वाचली असती?"

नरसिंगरावांनी खोगिराखाली हात घातला आणि दोरा बाजूला सारला. अंगठ्याखाली खटका अलगद फिरला. मी पाहिलं. त्यांनी तो तसाच मुठीत झाकला.

"नसती वाचली. खटका आखडला होता, साहेब. उघडा ठेवला असता तरी पट्टा अडकलाच असता. माझ्या हातची चूक."

अभिराज तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.

त्या एका वाक्यात नरसिंगरावांनी आपलं नाव घालवलं. गिऱ्हाईक आता फिरकत नाही. मला त्यांचा राग येत नाही, गलबलून येतं. पण उद्या तुम्हीही आपल्या लेकराला घोड्यावर बसवाल, म्हणून तुमच्यापाशी तरी खरं बोलतो. खोगिराखाली हात घाला, दोरा दिसला तर बेधडक तोडा. त्या दिवशी खटका आखडला नव्हता. तो उघडा असता, तर मी सुटलो असतो.