हॉटेल तूच ठरव

पेला उचलला तरी त्याचा ओला गोल टेबलावर तसाच राहिला होता, आणि भारती त्यातून बोट फिरवत होती — सकाळचे पावणेनऊ, लॉजची खोली, काल तिरुवैयारुला मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात नेसलेली साडी खुर्चीवर, आणि फोनवर धाकट्या भावाचा, गिरीशचा रात्री आलेला निरोप: अक्का, उद्या दहाला ब्रंच करूया? हॉटेल तूच ठरव.

ब्रंच... हा शब्द त्याला त्याच्या लेकीनं, लावण्यानं शिकवला असणार, कॉलेजातली पोर ती. न्याहारी म्हटलं की घरी बोलवावं लागतं, जेवण म्हटलं की पान मांडावं लागतं; ब्रंच म्हणजे दोन्हींतून सुटका. सख्खा भाऊ मेलवीथीच्या रस्त्यावर राहतो, आईबाबांच्या घरात, आणि त्याच गावात जन्मलेली ती लॉजवर बसून अनोळखी लोकांनी हॉटेलांना दिलेले तारे बघते आहे. या गावात तिनं हॉटेलात खाल्लंच कधी होतं? घरात दह्यात कालवलेली डांगर पच्चडी असताना बाहेर कोण जाईल, आई म्हणायची, आणि बाबा निमूट दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

स्टेशनसमोरचं एसी हॉटेल — प्रवाशांचं. मेडिकल कॉलेज रोडवरचा नवा कॅफे, तिथं म्हणे पॅनकेक मिळतो. साठीच्या बाईनं पॅनकेक कापावा आणि पन्नाशीच्या भावानं तो बघत बसावा, छानच. जुनी मेस, पोंगल उत्तम, पण तिथं मागचा माणूस आपल्या खुर्चीला हात लावून उभाच असतो. आणि उठल्यावर काय? उठल्यावर गिरीश म्हणणार, बरं अक्का, भेटू. मग दुपारची गाडी, मग कोइमतूर, जिथं कुलूप लावायलाही तीच आणि काढायलाही तीच.

नकाशा बोटांनी मोठा करत करत ती मेलवीथीत शिरली तेव्हा तिला उमगलं की आपण खाण्याची जागा शोधतच नाही आहोत. गिरीशच्या घरापासून चार घरांवर एक हॉटेल निघालं. तारे अडीच. सांबार गार, टेबलं चिकट, असं कुणीतरी लिहिलेलं. भारतीला ते फार आवडलं. गार सांबार संपवून बाहेर पडलं की चार पावलांवर घर, आणि दारापर्यंत आलेल्या बहिणीला आत ये म्हणणार नाही इतका काही तो दगड नव्हता. तिनं नाव पाठवून दिलं.

लगेच फोन वाजला.

"अक्का, ते नको. तुझ्या लॉजखालीच चांगलं हॉटेल अहे. वेयिलांत कशाला चालतीस?"

"ऊन काय मला नवं आहे? मला तेच हवं."

"तसं नव्हे..." गिरीश म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली, त्याची बायको भुवनेश्वरी काहीतरी विचारत होती. "इतकी जवळ येऊन तू आत येणार नाहीस. ते मला बघवत नाही, अक्का."

येणार नाहीस... म्हणजे त्याला बोलवायचं नव्हतं असं नव्हतंच. आईच्या तेराव्याला, आजाराचं आपल्याला वेळेवर कळवलं नाही म्हणून, सगळ्यांसमोर उंबऱ्यात उभं राहून ती म्हणाली होती — या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. ती ते विसरली होती, निदान विसरल्यासारखं केलं होतं, आणि सहा वर्षं त्याच्या बोलावण्याची वाट बघत, मनातल्या मनात त्याला नावं ठेवत राहिली होती. आणि तो वेडा तिचा शब्द पाळत बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"अक्का? दहाला येऊ खाली?"

तिनं पेला जवळ ओढला. बोलायचं होतं ते एवढंसं, शाळेतून आल्यावर दारातूनच ओरडायची तेवढंच — आले रे, पाणी दे. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं... टेबलावरचा ओला गोल सुकून गेला होता.

"दहाला ना," ती म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही. आणि पलीकडे, कुकरच्या आवाजात, गिरीशनंही ठेवला नव्हता.