बहात्तर किलो चारशे ग्रॅम

बेकरीवाल्याच्या घरात पिशाच्च नव्हतंच. धुराड्यात पारव्याने घरटं केलं होतं आणि त्याच्या फडफडाटाने घर आठवडाभर जागं होतं. एवढ्यासाठी भर दुपारी लोखंडी काटा दोन जिने चढवला म्हणून ताई मनातल्या मनात चरफडत होती.

पण रीत ती रीत. घरातल्या प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं, बाटलीभर पाणी पाजायचं, पुन्हा उभं करायचं. माणसाचं वजन पाण्याएवढं वाढतं. ज्याच्या अंगात पिशाच्च शिरलंय त्याचं रतीभरही वाढत नाही, खाल्लंप्यालेलं सगळं ते परस्पर गिळतं. बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई, तिघांच्याही वेळी काटा गुपचूप वर सरकला होता.

या कामात ताईचा जोडीदार म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सुटलेल्या पोटापायी ती त्याला ढेऱ्या म्हणायची. काटा मांडला की तो बरोबर आहे ना, हे बघायला आधी ढेऱ्याच उभा राहायचा. आजही राहिला होता. बहात्तर किलो चारशे ग्रॅम.

आता आवराआवर चालली होती. बेकरीवाल्याच्या बायकोने भट्टीतले ताजे पाव पुढे केले. ढेऱ्याने बघता बघता चार हाणले आणि वर पाण्याची बाटली रिकामी केली. ताईच्या पोटात सकाळपासून कण नव्हता. "येऊन खाऊ गं," म्हणत त्यानेच तिला घाईने बाहेर काढलं होतं.

"तुमच्या काट्याचा तरी काय भरवसा?" म्हातारी कुरकुरली. "आमची तीन माणसं तोलली, आणि निघाला पारवा!"

ढेऱ्या हसत पुन्हा काट्यावर चढला. "बघा आजी. बहात्तर किलो चारशे. मघाशी तेवढंच, आत्ता तेवढंच. आहे की नाही चोख?"

"अगंबाई! मग चार पाव गेले कुठे?"

बेकरीवाला खो खो हसला. ताईने काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

काल बहात्तर चारशे. गेल्या आठवड्यातही बहात्तर चारशे. ती मेली काट्याचंच कौतुक करत बसली होती! जगाला तोलत हिंडायचं आणि घरच्या माणसालाच काटा तपासायचं माप करून टाकायचं. माप कोण कशाला तपासतंय?

कधी झालं, तेही तिला लख्ख कळलं. शिंप्याच्या घरचं पिशाच्च काढलं तेव्हा. बाहेर काढलेलं पिशाच्च जवळचं रिकामं पोट शोधतं, म्हणून कामाआधी पोटभर जेवायचं, हे वडिलांनी दोघांना लहानपणीच शिकवलं होतं. त्या दिवशी ताई डबा विसरली होती. ढेऱ्याने आपला डबा तिच्यापुढे सरकवला होता. "मी खाऊन आलोय गं." खोटारडा कुठला!

वडील आणखी एक सांगायचे. एकवीस दिवस. त्यानंतर आत माणूस उरत नाही, लोखंडी वजनं पायाशी ठेवून पिशाच्च काढलं तरी हाती नुसतं मढं येतं. ताईने बोटांवर दिवस मोजले. आज एकविसावा होता.

तो काट्यावरून उतरायच्या आत तिने पिशवीतलं किलोचं एक वजन काट्यावर त्याच्या पायाशी ठेवलं. लोखंड पायाशी आलं की पिशाच्चाला काटा सोडता येत नाही. अशी पाच ठेवली की ते बाहेर पडतं.

"हे काय गं? चल ना, उशीर होतोय."

"सगळ्यांनी खाऊन घ्या," ताई बेकरीवाल्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आजी, तुम्हीसुद्धा."

तिच्या चेहऱ्याकडे बघून तिघांनी पाव उचलले. ताईने पाव तोंडात कोंबला. पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली ढकलला. ढेऱ्या तिच्याकडे टक लावून बघत होता. पापणी लवत नव्हती.

"नको खाऊस," ते म्हणालं. आवाज भावाचाच होता, त्यातला लाड तेवढा गेला होता. "कुणासाठी खातेस? तो केव्हाच संपला. हात लावलास तर मढं उचलशील. राहू दे मला असंच. ताई म्हणून हाक मारीन. डबा उचलीन. तुला काय कमी पडणार आहे?"

ताईला रडू फुटलं. क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं, राहू दे. हाक तर मारेल. मग तिने दुसरा पाव खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि उठून दुसरं वजन ठेवलं. तिसरं ठेवलं. त्याचे ओठ काळेनिळे पडले. चौथं ठेवताना तिने डोळे मिटून घेतले.

"ताई." आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "पोटभर खाल्लंस ना गं?"

पिशाच्चाने हे कशाला विचारलं असतं? त्याला तर ती उपाशीच हवी होती.

"खाल्लं रे ढेऱ्या. तुझ्या वाटचंही खाल्लं," असं म्हणत तिने पाचवं वजन ठेवलं.

खिडकीची काच तडकली आणि धुराड्यातला पारवा उडाला. ढेऱ्या भिंतीला टेकला, पण पाय काट्यावरच होते. काटा सत्त्याहत्तर चारशेवर थांबला. मग तो हळूहळू पुढे सरकला आणि अठ्ठ्याहत्तर किलो दोनशेवर स्थिर झाला.

"आठशे ग्रॅम जास्त," बेकरीवाला पुटपुटला.

"मग बरोबर आहे की," म्हातारी तोंडातला घास चघळत म्हणाली. "सापडले आमचे पाव."