गर्दीत अडकलेले बोलावणे

मित्रांनो, मला दगडी उंबरा नाही की लाकडी दार नाही, तरी लोक मला पत्ता म्हणतात. वडगावच्या विणकर बसवंत आप्पांचा मी जुना ई-मेल पत्ता. दूरच्या गिऱ्हाइकांना साड्यांच्या नक्षीचे फोटो पाठवता यावेत म्हणून आप्पांनी मला उघडले. मागाच्या खडखडाटातच माझा जन्म झाला.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. देवपूजा उरकली की आप्पा संगणकापुढे बसत. कोणाला जांभळा काठ हवा असे, कोणाला रुंद पदर. आलेले पत्र ते ओळीवर बोट ठेवून वाचत. घरबसल्या मागणी आली की माझे कौतुक होई, आणि मी टाळकऱ्यासारखा तालात डोलत असे.

पुढे आप्पा मला जिथे तिथे देऊ लागले. चपलांच्या दुकानात दिले, मोबाईलच्या दुकानात दिले, जत्रेतल्या सोडतीच्या चिठ्ठीवरही लिहिले. मग जाहिराती सुरू झाल्या. चपला, केसांचे तेल, पुण्यातले फ्लॅट. आप्पांच्या पत्नी राजेश्वरी आक्का टोमणा मारत, "फ्लॅट बघायला बोलवत्यात न्हवं? जावा की. मागाचं मी बघते."

आप्पांची एक रीत होती. एकादशीच्या कीर्तनात बुवांनी सांगितलेले त्यांच्या मनावर कोरले गेले होते, की दारी आलेल्याला न बोलता परत पाठवू नये. म्हणून ते प्रत्येक जाहिरातीला उत्तर लिहीत. नमस्कार, सध्या गरज नाही, राग मानू नये, पांडुरंग आपले भले करो.

पण पलीकडे ते वाचायला माणूसच नव्हता. होते ते यंत्र. त्याला एवढेच कळे, की हा पत्ता जिवंत आहे. मग ते आणखी पाठवी, वर माझा ठावठिकाणा इतरांनाही देई. शिवाय माझ्या दाराशी एक न दिसणारा पहारेकरी असतो. संशय आला की तो पत्राला 'स्पॅम' नावाच्या बाजूच्या खोलीत ढकलतो. आप्पा ज्यांना उत्तर देतात ती घरची माणसे, असे तो बिचारा शिकून बसला. जाहिराती खुशाल आत आल्या, गिऱ्हाइकांची पत्रे खाली दबली. आप्पा मला उघडायचेच टाळू लागले.

अशातच त्यांच्या मुलीने, मंजुश्रीने, एका कीर्तन विद्यालयात अर्ज केला. गळा गोड, आणि तिथे राहून शिकायची ओढ मोठी. अर्जात पालकांचा पत्ता मागितला होता, तिने माझा लिहिला.

एका दुपारी विद्यालयातून माधवीताईंचा फोन आला. मंजुश्रीची निवड झाली होती. पत्र केव्हाच पाठवले होते, आणि त्यातल्या दुव्यावरून होकार आज पाचच्या आत आला नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. ताईंनी पत्र पुन्हा पाठवले, पण अर्जातल्याच पत्त्यावर. तसा नियमच होता.

माग थांबला. तिघेही माझ्यापुढे आले. चपला, फ्लॅट, तेल, पुन्हा चपला. विद्यालयाचे नाव टाकून शोधले, तरी काही नाही, कारण तो शोध बाजूच्या खोलीत शिरतच नव्हता. चारचा ठोका कधीच पडून गेला होता. आधी ही घाण काढतो, मग सापडेल, असे पुटपुटत आप्पांनी स्पॅमची खोली उघडली आणि बाण 'सगळे पुसा'वर नेला.

पत्र तिथेच होते, मित्रांनो, मागाहून आलेल्या जाहिरातींखाली. मला ओरडता येत नाही.

"आप्पा, हात काढा," मंजुश्री हळूच म्हणाली. "हितनं पुसलेलं परत येत न्हाय."

"अगं, कचराच हाय की त्यो."

"असू दे. बघून मग पुसा."

ती एकेक ओळ वाचत खाली गेली. तोंडाला लावायच्या मलमाच्या जाहिरातीखाली विद्यालयाचे नाव दिसले. पत्ता नवखा, आत दाबायचा दुवा, म्हणून पहारेकऱ्याने त्याला अडवले होते. तरी तिने घाईने दुवा दाबला नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता आधी माहितीपत्रकाशी ताडून पाहिला. मग होकार भरला आणि पाठवला. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. अखेर फोन वाजला. होकार मिळाल्याचे माधवीताईंनी सांगितले. राजेश्वरी आक्का मागावर जाऊन बसल्या, पण डोळे भरून आल्याने त्यांना तुटलेला धागा काही जोडता येईना.

पुढे बापलेक मला आवरायला बसले. आप्पा खिन्न होते. "न बोलता घालवायचं म्हंजे पाप वाटतंय गं."

"तिकडं माणूसच न्हाय, आप्पा. माणूस भाईर ताटकळत बसलंतं."

मग आप्पांनी स्वतःच पहिली जाहिरात हटवली.

मित्रांनो, आपला पत्ता वाटेल त्या दुकानात देऊ नका. ओळखीच्या दुकानाची पत्रे नको असतील तर त्यांच्या तळाशी ती बंद करायची ओळ असते, ती वापरा. अनोळखी जाहिरातीला उत्तर देऊ नका, तिच्यातले काही दाबू नका. ती स्पॅम आहे एवढे पहारेकऱ्याला सांगा, तो लवकर शिकतो. पण त्याच्याकडूनही चूक होते. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा पत्ता असेल. आज दिवेलागण झाली की त्याच्या स्पॅमच्या खोलीत एकदा डोकावा. कोणी आपले तिथे बसले असेल, आणि त्याला हाक मारता येत नसेल.