बेरी हिलची सभा मोडत नाही
डुकरिणीनं आसाहेल वाइल्डरचा उभा मका लोळवला, अन् त्याच दिवशी तिचा मालक सभा मोडायला आला. मालक म्हणजे जेराथमील बीमन. आसाहेलच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि इंग्लंडच्या राजाच्या कोर्टातला बेलीफ.

सभा भरली होती बेरी हिल गावच्या प्रार्थनाघरात. अमेरिकेवर तेव्हा इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. त्याच्या बोस्टनमधल्या गव्हर्नरचा नवा हुकूम होता, गावानं वर्षातनं एकदाच, मार्चमध्ये सभा घ्यायची. त्यावर एक जरी घेतली तर तुरुंग. बेरी हिलनं हुकूम तंतोतंत पाळला. मार्चची सभा संपवलीच नाही! दर खेपेला 'उरलेलं पुढं बघू' म्हणून उठायचं, अन् पुन्हा जमायचं. सभेचा प्रमुख आसाहेल. पकडला जाणार तर तोच. त्या भीतीनं त्यानं हात खिशात कोंबले होते.

"आसाहेल, उठव ही सभा!" बीमन दारातनंच गरजला. "न्हाईतर बांधून न्यावं लागंल तुला. मग तुझी बहीण मला जेवाय घालायची न्हाई, पर हुकूम हाय."

"नवी सभा कुठं हाय, दाजी? ही मार्चचीच हाय."

"अरं, सप्टेंबर लागला!"

"विषयच अवघड हाय. मोकाट डुकरं."

माणसं खुसखुसली. आसाहेलला मात्र मका आठवला, अन् भीती कुठल्या कुठं पळाली.

"तुमच्याच डुकरिणीनं सकाळी माझा मका झोपवला. गळ्यात लोढणं का न्हाई तिच्या?"

"माझी डुकरीण गरीब हाय! तुला कुंपण घालाय येत न्हाई, आन् मुक्या जनावराला नावं ठिवतोस?"

"गरीब?" मागनं कुणीतरी ओरडलं. "मागं लागून माझ्या म्हातारीला गाडीवर चढवलं तिनं!"

बीमन हुकूम विसरला. तरातरा पुढं आला अन् कुणाकुणाची कुंपणं मोडकी आहेत ते नावानिशी सांगत सुटला. शेवटी तोंड लालबुंद करून म्हणाला, "लोढणं घालायचं तर गावातल्या समद्या डुकरांना घाला! टाका मतं!" आणि पहिला हात त्यानंच वर केला.



"दाजी," आसाहेल हळूच म्हणाला, "बेकायदा सभेत मत दिलंत तुमी."

बीमनचा हात वरच राहिला.

"आता मला बांधायचं तर सोताला बी बांधा. एका दोरीत दोघं मावतो का बघा."

बीमन मटकन बाकावर बसला. "नोकरी गेली रं माझी."

आसाहेलला वाईट वाटलं. बहिणीचंच घर ते. "गावाची नोकरी घ्या की. डुकरं धरणारा अंमलदार नेमायचाच हाय."

भराभर हात वर झाले. बीमननं जरा वेळ आढेवेढे घेतले, मग टोपी चढवली. "मग पयली माझीच धरतो. कुणी नाव ठिवाय नको." अन् तो ताडताड बाहेर पडला.

दार लागलं, तसं आसाहेलनं खाकरून खरा विषय काढला. गावाचा कर राजाच्या खजिन्यात धाडायचा नाही. कॉन्कर्ड गावी राजाला न विचारता आपल्या माणसांचं नवं मंडळ भरणार, तिथं द्यायचा, आणि गावचा माणूसही तिथं पाठवायचा. "ह्याला फाशी बी असंल," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. एकेक हात वर गेला. शेवटी आसाहेलनं खिशातला आपला हात काढून वर केला.

इतक्यात चिखलानं माखलेला बीमन धापा टाकत आत आला. "कोंडली! माझ्यामागं काय ठरलं?"

"इशेष काय न्हाई, दाजी," आसाहेल म्हणाला. "सरकार बदललं."