तिसरा लिफाफा

विष्णुपंत कारकुनांनी लिफाफ्यावरची लाख नखानं उकरली, आतला कागद वाचला आणि तसाच टेबलावरून पुढं सरकवला.

"हे घेऊन जा. दुसरं भर."

निविदा उघडायची तारीख उद्याची होती. पण पंचायत समितीच्या कचेरीत तारखा भिंतीवर टांगायला असतात.

नागनाथ गवंडी उभाच होता. त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. निविदा त्याच्याच वस्तीतल्या विहिरीची होती. छप्पन साली वस्ती बौद्ध झाली, दुष्काळ येऊन गेला, तरी बायका अजून गावविहिरीपाशी घागर मांडून ताटकळत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई.

"काय चुकलं, पंत?"

"ऐपतीचा दाखला जोडला नाहीस."

"तलाठी म्हणला, जमीन न्हाई तर ऐपत कशाची?"

"मग तुझं बाद."

"बाद करा की."

विष्णुपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "बाद केलं तर दोनच उरतात. दिनकररावांचं आणि त्यांच्या मेव्हण्याचं. तीन नसली की निविदा पुन्हा काढायची, असा नियम आहे. एकतीस मार्च आठ दिवसांवर आला. रक्कम परत परभणीला जाईल. मग कुठली विहीर?"

"म्हंजी माझं चालत बी न्हाई, आन माझ्याबगर चालत बी न्हाई."

"तू सगळ्यात कमी दर भरलास ना, म्हणून साहेब कागद तपासणार. सगळ्यात जास्त भर. हरणाऱ्याचे कागद कुणी तपासत नाही."

"आन मी तक्रार केली तर?"

"कर की. चौकशी लागेल. पावसाळ्यापर्यंत निकाल येईल."

नागनाथनं आपला कागद उचलला. चारठाण्याच्या जुन्या देवळांचे दगड तो लहानपणापासून बाहेरूनच बघत आलेला, एकात एक कसे बसवलेत ते. तशीच विहीर बांधायची म्हणून त्यानं दगडन् दगड मोजून दर काढला होता. स्वतःची मजुरी त्यात धरलीच नव्हती.

दारात दिनकरराव गुत्तेदार पान चघळत उभे होते. त्यांनी मागच्या साली बांधलेली विहीर पहिल्याच पावसात ढासळली होती. ते त्यांना माहीत होतं, पंतांना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं.

"लिव्ह की नागनाथा. दगड बसवायला तुलाच बोलावतो. रोजानं."

विष्णुपंतांनी कोरा फॉर्म दिला आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठी त्याच्याकडं फिरवली. नागनाथनं तो आकडा स्वतःच्या अक्षरात उतरवला आणि सही केली. लाख पंतांनीच वितळवली.

विहीर दिनकररावांच्या नावावर मंजूर झाली. तीन दरांचा तक्ता नियमाप्रमाणं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. तेवढा एक नियम मात्र न चुकता पाळला गेला.

वस्तीतले सीताराम गुरुजी तो तक्ता उतरवून घेऊन आले आणि लिंबाखाली जमलेल्या माणसांना वाचून दाखवला. शेवटचं नाव घेताना ते अडखळले. दर मात्र त्यांनी वाचला.

मग कस्तुराबाईनं पदर खोचला.

"दिनकररावाला तरी जरा लाज हाय म्हनायची. तू आपला असून आमच्याच पान्यावर एवढं कमवायला निघाला व्हय रे?"

नागनाथची बायको पंचफुला घागर घेऊन कडेला उभी होती. पहिला कागद त्यानं तिच्यासमोर लिहिला होता, एकेक आकडा तिला वाचून दाखवत.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "ह्यांनी तर..."

"माझीच सही हाय," नागनाथ म्हणाला.

गुरुजींनी मान वर केली. "नागनाथ, नक्की?"

एक शब्द बोलला असता तर निविदा मोडली असती. एकतीस मार्चला अजून तीन दिवस होते.

"मीच लिव्हलंय."

पंचफुला त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं घागर काखेला घेतली आणि गावविहिरीची वाट धरली. बाकीच्या बायकाही निघाल्या. रोज त्या तिच्या खांद्याला खांदा लावून जात. आज त्यांनी तिला पुढं जाऊ दिलं आणि चार पावलं अंतर राखून मागनं चालू लागल्या.